फाट्यावरचा उपरा

एका माणसाच्या गॅरेजात दुसऱ्याची मोटार सापडते आणि त्या मोटारीत तिसऱ्याचे प्रेत असते. ज्याच्या गॅरेजात प्रेत सापडले त्याला पोलिस धरून नेतात. मोटार कोणाची हे ते विचारतात, प्रेत कोणाचे हेही विचारतात. पण हे सारे नेमके याच माणसाच्या दारात आणून ठेवावे असे कोणाला आणि का सुचले, हा प्रश्न त्यांना बराच वेळ पडत नाही. झाँ रेन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९३२ सालच्या 'ला न्युई द्यु कारफूर' या चित्रपटाची सुरुवात अशी आहे. नावाचा अर्थ चौफुल्यावरची रात्र. आपल्याकडच्या बोलीत फाट्यावरची रात्र म्हटले तरी चालेल.

नव्वद वर्षांहून जुन्या एका फ्रेंच पोलिसी चित्रपटाची उठाठेव या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील. विचारणे रास्तही आहे. प्रस्थापित समीक्षेला पॅरिसचा वास आला की तिची मान आपोआप लवते; त्या रांगेत आणखी एकाने जाऊन उभे राहण्याची गरज नाही. पण मी हा चित्रपट फलटणमध्ये बसून पाहिला. याच तालुक्यातल्या सोमंथळीचे लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले. ते पुस्तक मनात घेऊन जो माणूस हा चित्रपट पाहील त्याला त्यातला आरोपी ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. मला तो वाटला, म्हणून हा प्रपंच.

आधी कथा सांगितली पाहिजे. जॉर्ज सिमेनाँ या लेखकाची मेग्रे नावाचा पोलिस अधिकारी नायक असलेली ही कादंबरी १९३१ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट झाला. मेग्रे पडद्यावर आला तो याच चित्रपटातून प्रथम. त्याची भूमिका दिग्दर्शकाचा भाऊ पिएर रेन्वार याने केली आहे. पॅरिसबाहेरच्या हमरस्त्यावर एक चौफुला आहे. तिथे तीनच बिऱ्हाडे. एक ऑस्करचे गॅरेज, म्हणजे पेट्रोल आणि दुरुस्तीचा धंदा. दुसरे मिशोने नावाच्या विमा एजंटाचे घर. बायको, टापटीप आणि नवीकोरी मोटार असा संसार. तिसऱ्या जुनाट घरात कार्ल अँडरसन हा डेन्मार्कचा माणूस एल्स नावाच्या तरुणीबरोबर राहतो. ती आपली बहीण आहे असे तो सांगतो. कापडावरची नक्षी काढून देणे हा त्याचा व्यवसाय. तो कोणात मिसळत नाही, त्याच्या एका डोळ्यावर काळी काच आहे आणि त्याची मोटार जुनी आहे.

एका सकाळी विमा एजंट आपले गॅरेज उघडतो तर आत नव्या मोटारीऐवजी अँडरसनची खटारा मोटार. नवी मोटार अँडरसनच्या गॅरेजात, आणि तिच्यात अँटवर्पचा हिऱ्यांचा व्यापारी गोल्डबर्ग मरून पडलेला. अँडरसनला पॅरिसला नेऊन तासन्‌तास प्रश्न विचारले जातात. कादंबरीत हा काळ सतरा तासांचा आहे. तो काही कबूल करत नाही. पुरावा नसल्याने त्याला सोडावे लागते आणि मेग्रे स्वतः त्या चौफुल्यावर जाऊन बसतो. मग हळूहळू उलगडते ते असे की गॅरेजवाला, विमा एजंट, मेकॅनिक असे सगळेच एका चोरट्या धंद्यात सामील आहेत. रस्त्याने जाणाऱ्या मोटारींच्या टायरांतून चोरीचा माल आणि कोकेन इकडून तिकडे जाते. आख्ख्या चौफुल्यात खुनाशी संबंध नसलेला पुरुष एकच, तो अँडरसन.

रहस्यकथा म्हणून पाहिले तर चित्रपट काही फार सुबक नाही. कथेचे दुवे तुटक आहेत. चित्रीकरणातली काही रिळे हरवली अशी आख्यायिका चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जाते. मला हा तुटकपणा खुपला नाही. रेन्वारने जे केले ते वेगळेच आहे: त्याने सव्वा तास अंधार दाखवला. धुके, पाऊस, चिखल, गॅरेजातला मिणमिणता दिवा, आणि रात्रीच्या पाठलागात मोटारीच्या दिव्यात दिसेल तेवढाच रस्ता. बाकी रस्ता आहे, पण दिसत नाही. गुन्हा शोधायचा म्हणजे दिवा कोणीकडे वळवायचा हे आधी कोणीतरी ठरवलेले असते, ही गोष्ट या प्रसंगात एकही शब्द न बोलता कळते. हा रेन्वार म्हणजे चित्रकार ओग्युस्त रेन्वार यांचा मुलगा. पुढे 'द रिव्हर' या चित्रपटासाठी तो बंगालमध्ये आला होता आणि तरुण सत्यजित राय त्याच्या मागे मागे हिंडत होते. आपल्या रसिकांना रेन्वार माहीत आहे तो बहुधा त्या बंगालमुळे. हा चित्रपट त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो.

रहस्यकथेचा ठरलेला प्रश्न 'कोणी केले?' हा आहे. या प्रश्नात एक गृहीत लपलेले असते: सुरुवातीला सगळे सारखेच संशयित आहेत. बंगल्यातल्या दिवाणखान्यात दहा माणसे बसली आहेत आणि दहापैकी कोणीही खुनी असू शकतो, ही त्या खेळाची अट. समान संशय ही देखील एक प्रकारची समता आहे, आणि ती ज्या समाजात आहे त्याच समाजात हा खेळ रंगतो. आपल्याकडे चोरी झाल्यावर 'कोणी केली' हे विचारायच्या आधी 'कोणावर घालता येईल' हे ठरलेले असते. गावाबाहेर पाल कोणाचे आहे? गाढवे कोणाची चरतात? रेन्वारच्या चौफुल्यावर नेमका हाच आधीचा प्रश्न पुढे येतो. मिशोने आणि ऑस्कर यांना प्रेत टाकायला जागा हवी असते, तेव्हा शेजारी एक परदेशी राहतो हे त्यांच्या लक्षात असते. त्यांना त्याच्याविषयी पुरावा तयार करावा लागत नाही. मोटारींची अदलाबदल पुरते. उरलेले काम लोकांच्या मनात आधीच झालेले असते.

हे सगळे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. ज्या फ्रान्समध्ये हा चित्रपट निघाला तिथे १९१२ सालापासून भटक्यांसाठी वेगळा कायदा होता. प्रत्येक भटक्या माणसाने स्वतःजवळ एक पुस्तिका बाळगायची. तिच्यात शरीराची मापे, बोटांचे ठसे आणि छायाचित्र. गावात शिरताना शिक्का, गाव सोडताना शिक्का. हा कायदा १९६९ पर्यंत चालला. आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला आणि नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याची तरतूद त्यात आली. ठशांवरून माणूस ओळखण्याचे शास्त्रही इथेच, बंगालमध्ये, वाढले. कलकत्त्याला १८९७ साली त्याची कचेरी निघाली. त्या पद्धतीला एडवर्ड हेन्री या साहेबाचे नाव मिळाले आणि वर्गीकरण बसवणारे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस मागे राहिले, हा आणखी एक पोटगुन्हा. पण मुद्दा असा की डिटेक्टिव्ह कथांमध्ये जो ठसा खुन्याला पकडून देतो म्हणून वाचक खूश होतो, तोच ठसा आपल्याकडे कोणताही गुन्हा घडण्याआधी आख्ख्या जमातीचा घेतला जात होता. १९११ आणि १९१२. पॅरिस आणि फलटण यांच्यात वर्षाचेच अंतर होते म्हणायचे.

महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींची यादी चौदा जातींची आहे. त्यात कैकाडी आहेत, पारधी आहेत, बेरड आहेत आणि रामोशीही आहेत. रामोशी! ज्याने रात्री गाव राखायचे, चोरी झाली तर पावलांचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जायचे, माग तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा, आणि माग हरवला तर नुकसानीची तोशीस सोसायची, तो रामोशी. गावात नवखा माणूस आला तर त्याची खबर पाटलाला देणे हे येसकर महाराचेही काम होते. म्हणजे डिटेक्टिव्ह हा प्राणी आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आला ही समजूत चुकीची आहे. तो इथे होताच. मातीतल्या पावलावरून माणूस लंगडा की जड, ओझे घेतलेला की रिकामा, हे सांगणारा माणूस प्रत्येक गावात होता. फक्त तो गावकुसाबाहेर किंवा गावाच्या कडेला राहत होता आणि पहिला संशयितही तोच होता. माझे पणजोबा वतनाचे महार. चोरी झाली की पाटलाची पहिली हाक त्यांना यायची, आणि ती माग काढायला आहे की मार खायला, हे चावडीवर पोचेपर्यंत कळत नसे, असे आजी सांगायची. मेग्रेला असे कधी वाटले नसेल. तो संशयितासमोर खुर्चीवर बसतो आणि पाइप ओढतो.

ज्याच्या अंगात तपासाची विद्या आहे तोच तपासाचे सावज आहे, या विलक्षण प्रसंगावर मराठीत एक मोठी रहस्यकथा व्हायला हवी होती. ती झाली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांना नाके मुरडणाऱ्या पंडितांच्या बाजूने मी नाही. ज्यांच्या घरात दुसरे पुस्तक नव्हते अशा कितीतरी लोकांना त्या पुस्तकांनी वाचनाची गोडी लावली. पण झुंजार काय किंवा काळा पहाड काय, त्यांचे जग मोटारींचे, बंगल्यांचे आणि शहरी रात्रीचे. पावलांचा माग काढणारा तिथे नाही. चित्रपटातही तेच. १९६४ साली राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून 'पाठलाग' काढला. त्याला राष्ट्रीय पातळीवर मराठी चित्रपटाचा मान मिळाला आणि दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्याचाच हिंदीत 'मेरा साया' केला. दरोडेखोरांच्या टोळीत पकडलेली बाई कोर्टात सांगते, मी या बॅरिस्टरची पत्नी आहे. आणि बॅरिस्टरने तर आपल्या पत्नीला स्वतः अग्नी दिलेला. बांधणी घट्ट आहे, प्रेक्षक जागचा हलत नाही. तरीही सारे रहस्य एवढ्याशाच गोष्टीवर उभे आहे: ही बाई घरातली की टोळीतली? घर पवित्र, टोळी अपवित्र, आणि एका चेहऱ्याने दोन्हीकडचा विटाळ कालवला म्हणून एवढा गोंधळ. टोळीतले लोक कोण, कुठले, त्यांच्या बायका कोण, हे विचारण्याची पटकथेला गरजच पडत नाही. दरोडेखोर म्हणजे दरोडेखोर. रेन्वारच्या चित्रपटात टोळी शोधायला रानात जावे लागत नाही. ती विम्याचे हप्ते गोळा करते आणि शेजाऱ्याला नमस्कार करते.

आपल्या साहित्यात या दोन्हीहून वेगळी एक गुन्ह्याची कथा आहे, पण तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. पुस्तक १९६३ चे. शीर्षकातच चोरी आहे. नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून खोली मिळवतो. पुढे शेजार हाच पोलिस होतो, शंका हाच पुरावा, आणि उलगडा झाल्यावर शिक्षा तिथल्या तिथे लाथाबुक्क्यांनी. रहस्यकथेची सगळी यंत्रणा तिथे उलटी फिरते. वाचकाला गुन्हेगार पहिल्यापासून माहीत असतो, कारण तोच कथा सांगतो. आपण धडधडत्या छातीने वाचतो ते खुनी सापडावा म्हणून नाही. हा सापडू नये म्हणून. अँडरसनही काहीतरी लपवत असतो. एल्स त्याची बहीण नाही, पत्नी आहे. तिचा भूतकाळ गुन्हेगारांत गेलेला आहे, आणि तिला त्यातून बाहेर काढण्यासाठीच तो या आडरानात येऊन राहिला आहे. दोघेही लपवतात. खोटे बोलतो म्हणून खुनीही असेल, हा तर्क दोघांवरही चालवला जातो. बागुलांच्या नायकाला मात्र सोडवायला मेग्रे येत नाही, काशीनाथ येतो. तो सरकारचा कोणी नाही.

इथे या चित्रपटाचे कौतुक थांबवले पाहिजे, कारण त्याचे पायही त्याच चिखलात आहेत. मेलेला गोल्डबर्ग ज्यू आहे. त्याचे नाव, धंदा आणि प्रेत यापलीकडे त्याला अस्तित्व नाही. ओळख पटवायला त्याची बायको येते आणि मोटारीतून पाय खाली ठेवते तोच तिला गोळी लागते. ती ना रडते, ना बोलते. सिमेनाँने १९२१ साली, तरुण वार्ताहर असताना, लीएजच्या वृत्तपत्रात ज्यूंविरुद्ध लेखमाला लिहिली होती, हे ठाऊक असल्यावर हे मौन अजाणतेपणाचे वाटत नाही. डेन्मार्कच्या गोऱ्या उपऱ्याला निर्दोष ठरवणारी ही कथा दुसऱ्या उपऱ्याला नुसते प्रेत म्हणून वापरते. एल्सचेही तसेच. जन्मापासून गुन्ह्यात वाढलेली, म्हणून मोहक आणि म्हणून अविश्वसनीय, असा तिचा साचा आहे. पुरुषाच्या बाबतीत जे खोटे ठरले, की परका म्हणजे गुन्हेगार, ते बाईच्या बाबतीत अर्धे खरे ठेवले आहे. उपऱ्यांमध्येही प्रतवारी असते, आणि बाई तिथे सर्वांत खाली असते. 'उपरा'तल्या बायका ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे फोड करून सांगायला नको.

आणखी एक. कादंबरीतला अँडरसन खानदानी घराण्यातला आहे. म्हणूनच कदाचित त्याला सतरा तास नुसते प्रश्न विचारले जातात. तो शांत बसतो आणि मेग्रे त्याच्या शांतपणाचा आदर करू लागतो. हा आदर त्याच्या निर्दोषपणाला मिळाला की त्याच्या बसण्याच्या ढबीला, हे मला ठरवता येत नाही. पालावरचा माणूस निर्दोष असताना घाबरतो, रडतो, पाया पडतो. तो मेग्रेला कसा दिसला असता?

हा प्रश्न मला साहित्याचा शिक्षक म्हणूनही चुकवता येत नाही. 'उपरा'ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतर लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'लाही मिळाला. सत्कार झाले. पण या पुस्तकांवर मराठी समीक्षेने काय विचारले ते काढून पाहा. हे खरेच घडले का? यात अतिशयोक्ती किती? हे लेखन की नुसते निवेदन? पुन्हा दुसरे पुस्तक लिहिता येईल का? हे प्रश्न वाङ्मयाचे नाहीत, ठाण्याचे आहेत. आत्मकथन जबानी म्हणून नोंदवून घेतले गेले, आणि जबानी देणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहतात त्याच नजरेने लेखकाकडे पाहिले गेले. सदाशिव पेठेतल्या आठवणींना कोणी पुरावा मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. मी स्वतः वर्गात 'दलित आत्मकथनांतील सत्यता' असा टिपेचा विषय दिला आहे, दोन वर्षे लागोपाठ. आता लाज वाटते. हिंदू संस्कृतीने निर्माण केलेल्या वर्गांत बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'च्या १९४८ सालच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या बरोबरीने आदिवासी आणि गुन्हेगार जमाती धरल्या आहेत. त्यांनी आरोपीला प्रश्न विचारला नाही. ज्या संस्कृतीने असे वर्ग पैदा केले तिलाच पिंजऱ्यात उभे केले. तपासाची दिशा बदलणे म्हणतात ते हे. आपली समीक्षा तिथवर अजून पोचलेली नाही आणि मी ज्या वर्गात शिकवतो तोही नाही.

कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा १९५९ चा. फाट्यावरच्या पालांना दोन्हींतला फरक किती जाणवला, ते त्या पालांत जाऊन विचारावे.

हा चित्रपट मी मागच्या वर्षी वर्गात मुलांना दाखवला. खाली इंग्रजी अक्षरे, तीही भराभर जाणारी, म्हणून मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होतो. त्यात एक दृश्य आहे. अँडरसनची चौकशी किती वेळ चालली हे दाखवायला रेन्वार एक युक्ती करतो. तो रस्त्यावरची वर्तमानपत्रे दाखवतो. सकाळचे पत्र, दुपारचे पत्र, संध्याकाळचे पत्र, त्यांतल्या ठळक बातम्या, आणि मग गटाराच्या पाण्याबरोबर वाहत जाणारा कागद. मी हे दृश्य तंत्र म्हणून समजावून सांगत होतो. काळ कसा संक्षिप्त केला, वगैरे. बहुतेकांनी लिहून घेतले.

तास संपल्यावर एक मुलगा थांबला. एरवी न बोलणारा. त्याच्या चुलत्याला काही महिन्यांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका चोरीत उचलले होते आणि चार दिवसांनी सोडले, एवढे मला उडत उडत माहीत होते. तो म्हणाला, "सर, त्यो सुटला ते पेपरात आलं का वो?"

मी म्हटले, तसे दाखवलेले नाही.

"धरला तेवढं आलं," तो म्हणाला, आणि वही पिशवीत घालून गेला. दुसऱ्या दिवशी मी ते दृश्य पुन्हा पाहिले. तिन्ही वेळची पत्रे बघितली, थांबवून थांबवून. सुटकेची बातमी त्यांत नाही.